हिमालयात डोके दुखू लागले तर...

मार्च महिना लागला की आमच्या दवाखान्यात एक वेगळ्याच प्रकारचे पेशंट येऊ लागतात. त्यांना काहीही झालेले नसते. हातात एक छापील अर्ज असतो आणि चेहऱ्यावर उत्साह. "डॉक्टर, एवढी सही मारून द्या. हिमालयात निघालोय, ट्रेकला." मग मी रक्तदाब मोजतो, छातीला नळी लावतो, चार प्रश्न विचारतो आणि 'सदर व्यक्ती ट्रेकिंगसाठी शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे' या ओळीखाली सही-शिक्का करतो. अशा कितीतरी सह्या मी आजवर केल्या. त्यातल्या एका सहीबद्दल आज लिहायचे आहे, कारण ज्याच्यासाठी ती केली त्याच्याबरोबर मीही त्याच ट्रेकला होतो.

२०२३ सालच्या एप्रिलची गोष्ट. आम्ही कोल्हापूरचे चौदा जण एका प्रवास संयोजकामार्फत नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत चालत जायला निघालो. बरोबर संयोजकाचा माणूस, एक शेर्पा वाटाड्या, त्याचा मदतनीस आणि सामान वाहणारे हमाल. चौदांत दोन शिक्षक, एक वकील, बँकेतले तिघे, त्यांच्यापैकी दोघांच्या सौभाग्यवती, मी स्वतः वय वर्षे छप्पन्न, आणि सर्वांत लहान म्हणजे तालमीत रोज घाम गाळणारा चोवीस वर्षांचा एक मल्ल. त्याचे नाव इथे देत नाही, आपण त्याला पैलवानच म्हणू. तयारी सर्वांनी मनापासून केली होती. पहाटे रंकाळ्याभोवती फेऱ्या, रविवारी जोतिबाचा डोंगर आणि आधीच्या पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड. पैलवान तर पाठीवर आपली पिशवी आणि छातीशी माझी, अशी दोन ओझी घेऊन पावनखिंडीपर्यंत हसत चालला होता. त्याच्या अर्जावर सही करताना मी गमतीने म्हणालो होतो, "तुझ्या अर्जाला कशाला तपासणी पाहिजे?"

माझी चूक तिथेच झाली होती. पण ती समजण्यासाठी आधी विरळ हवेचे गणित पाहू.

आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फुटांवर आहे. पन्हाळा तीन हजारांच्या थोडा वर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही ५,४०० फूट. म्हणजे आपण सह्याद्रीत कितीही पायपीट केली तरी विरळ हवेची परीक्षा आपण कधी दिलेलीच नसते. तळछावणी आहे सुमारे १७,६०० फुटांवर. तिथेही हवेत प्राणवायूचे प्रमाण इथल्यासारखेच, शेकडा २१ असते. बदलतो तो हवेचा दाब. तिथे तो समुद्रकाठच्या जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो. त्यामुळे एका श्वासात छातीत जाणारा प्राणवायूही निम्माच. शरीर यावर उपाय करते, पण त्याला वेळ लागतो. आधी श्वास जलद होतो, नाडी वाढते. मग दोन-चार दिवसांत मूत्रपिंडे रक्तातला क्षार बाहेर टाकून त्या जलद श्वासाला साथ देऊ लागतात. वर गेल्यावर लघवी जास्त होऊ लागली तर घाबरू नये, ते शरीर कामाला लागल्याचे लक्षण आहे. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात.

या सगळ्यात दंडबैठकांचा उपयोग नाही! दम चांगला असेल तर चढ सोपा जातो हे खरे. पण शरीर विरळ हवेला किती लवकर सरावते, हे बव्हंशी ज्याच्या त्याच्या जन्मजात घडणीवर अवलंबून असते. उलट धडधाकट माणूस भराभर वर चढतो, म्हणून तोच आधी अडचणीत येतो. याच वाटेवरच्या फेरिचे या गावी हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७८ ट्रेकरांची केलेली पाहणी १९७६ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक जणांना, शेकडा ५३ लोकांना, विरळ हवेचा त्रास झालेला आढळला. तरुणांना जास्त, भराभर चढणाऱ्यांना जास्त, विमानाने थेट लुक्ल्याला उतरलेल्यांना जास्त. पाठीवर ओझे किती होते याचा काही संबंध दिसला नाही.

आमचा मूळ कार्यक्रम तसा शहाणपणाचा होता. ९,४०० फुटांवरच्या लुक्ल्याला विमानाने उतरायचे, दुसऱ्या दिवशी नामचे बाजारला (११,३०० फूट) पोचून तिथे दोन रात्री राहायचे, मग तेंगबोचे (१२,७०० फूट), पुढे दिंगबोचेला (१४,५०० फूट) पुन्हा दोन रात्री आणि त्यानंतर लोबुचे (१६,२०० फूट). पण लुक्ल्याची विमाने ढगांच्या मर्जीवर चालतात. दोन दिवस आम्ही मंथलीच्या विमानतळावर आकाशाकडे बघत बसलो. राखीव दिवस एकच होता. परतीची तिकिटे काढलेली, प्रत्येकाची रजा मोजकी. मग संयोजकाच्या माणसाने सुचवले, दिंगबोचेची दुसरी रात्र गाळू. वाटाड्याच्या कपाळावर आठी पडली, ती मी पाहिली. "डॉक्टर आहेतच की आपल्याबरोबर," असे कोणीतरी म्हणाले आणि मीही मान हलवली.

हिशेब करून पाहा. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा साधारण १,६०० फुटांहून अधिक उंचीवर असू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक पूर्ण दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा आजच्या वैद्यकाचा सर्वसाधारण सल्ला आहे. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपायला आलात तर चालते, मोजायची ती झोपण्याची उंची. आम्ही नामचेहून निघाल्यावर तिसऱ्या रात्री लोबुचेला होतो. तीन मुक्कामांत ४,९०० फूट, आणि मध्ये विश्रांतीचा दिवस नाही.

दिंगबोचेला माझे डोके दुखू लागले. कवटीच्या आत कोणी तरी पाटा-वरवंटा फिरवत असल्यासारखे. जेवणाची इच्छा नाही, मळमळ. पंचवीस-तीस वर्षे व्यवसाय केलेल्या माणसाला हे काय आहे हे कळत नव्हते का? कळत होते. उंचीवर पोचल्यावर काही तासांत सुरू झालेली डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, गळाठा किंवा चक्कर यांपैकी काहीही असले, तर दुसरे कारण सापडेपर्यंत तो विरळ हवेचा आजारच समजायचा. तो नियम मी इतरांना निघण्यापूर्वी समजावूनही सांगितला होता. तरी वाटाड्याने संध्याकाळी एकेकाला विचारले तेव्हा मी म्हणालो, "सब ठीक." डॉक्टरलाच त्रास होतोय म्हटल्यावर बाकीचे घाबरतील, असे मी स्वतःला समजावले. खरे कारण वेगळे होते. माझ्यामुळे चौदा जण थांबले असे मला व्हायला नको होते.

नंतर कळले की त्या रात्री आणखी पाच जणांचे डोके दुखत होते. पाचांनीही हेच उत्तर दिले होते. मला वाटते गटाने जाण्यातला सर्वांत मोठा धोका हाच आहे. एकटा माणूस दमला तर बसतो. गटातला माणूस गटाकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी लोबुचेच्या वाटेवर पैलवान मागे पडू लागला. दोन ओझी वाहणारा हा पोरगा आपल्या एका पिशवीचा पट्टा पुन्हा पुन्हा सावरत होता. दुपारी मुक्कामाला पोचल्यावर बुटाची नाडी सोडायला त्याला इतका वेळ लागला की वकीलसाहेब हसले. एरवी सगळ्यांशी गोड बोलणारा, तो एकदम खेकसला. मी चौकशी केली तर म्हणाला, "काय नाही डॉक्टर, जरा झोप झाली की होतंय बघा." मीही थकलो होतो, माझेही डोके ठणकत होते. पॅरासिटामॉलची एक गोळी त्याला दिली, एक मी घेतली. रोगाचे निदान करणारा मेंदूच विरळ हवेत मंद चालतो, हे कुठल्याही पुस्तकात वाचण्यापेक्षा मी त्या दुपारी अनुभवले.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी वाटाड्या माझ्याशेजारी येऊन बसला. तो पैलवानाच्या ताटाकडे बघत होता. डाळ-भात जसाच्या तसा. मला हळूच म्हणाला, "डॉक्टरसाब, इसको चलाके देखो."

लॉजच्या जमिनीला लाकडी फळ्या होत्या. दोन फळ्यांमधल्या सरळ रेघेवर मी पैलवानाला चालायला सांगितले. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवत, दहा पावले. तिसऱ्या पावलाला तो डावीकडे झुकला. पुन्हा सांगितले, पुन्हा झुकला, या वेळी भिंतीला हात लावून. मैदानात भल्याभल्यांना आस्मान दाखवणारा गडी सरळ रेघेत पाच पावले चालू शकत नव्हता. ही मेंदूला सूज आल्याची खूण होती. डोकेदुखी, त्यानंतर तोल जाणे, चिडचिड, गोंधळ, मग ग्लानी आणि बेशुद्धी हा तिचा क्रम. ग्लानीनंतर हातात तास उरतात, दिवस नव्हे.

बाहेर अंधार, कडाक्याची थंडी. संयोजकाच्या माणसाचे म्हणणे, सकाळी हेलिकॉप्टर बोलावू. वाटाड्या म्हणाला, "सुबह तक नहीं. अभी नीचे." त्याचेच बरोबर होते. या आजारावर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे खाली उतरणे. प्राणवायूचे नळकांडे आणि डेक्सामेथासोन हे औषध मोलाचे आहे, पण ते उतरण्याला वेळ मिळवून देते, त्याची जागा घेत नाही. माझ्या पेटीत डेक्सामेथासोन होते, ते मी त्याला दिले. रात्री साडेआठला वाटाड्या, दोन हमाल, पैलवान आणि मी कपाळाला बॅटऱ्या बांधून फेरिचेकडे निघालो. बाकीची मंडळी मदतनिसाबरोबर राहिली.

वाटेत थुकलाच्या खिंडीत एव्हरेस्टवर आणि आसपासच्या शिखरांवर दगावलेल्या गिर्यारोहकांच्या स्मारकांचे दगडी चौथरे आहेत. दिवसा येताना आम्ही तिथे फोटो काढले होते. रात्री बॅटरीचा झोत एकेका चौथऱ्यावरून सरकत गेला तेव्हा कोणी काही बोलले नाही. पैलवानाच्या दोन्ही काखांत दोघांचे खांदे होते. हमाल त्याच्या निम्म्या वजनाचे असतील. मध्यरात्र उलटून गेल्यावर फेरिचेला पोचलो. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशन या १९७३ साली स्थापन झालेल्या संस्थेचा दवाखाना आहे. ट्रेकिंगच्या दोन्ही हंगामांत तिथे डॉक्टर असतात आणि दुपारी ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना या आजाराची माहितीही देतात. आम्ही दिंगबोचेच्या वाटेने वर गेलो, म्हणून ते व्याख्यान आमचे हुकले होते. पैलवानाला रात्रभर प्राणवायू लावला. सकाळी तो रेघेवर सात पावले चालला. त्याच दिवशी आम्ही त्याला आणखी खाली नेले. नामचेला पोचेपर्यंत त्याला भूक लागली होती. माझी डोकेदुखी तर फेरिचेलाच पळाली होती.

आता वाचकांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी.

पैलवानाला झाला तो मेंदूचा प्रकार. दुसरा तितकाच घातक प्रकार फुफ्फुसांचा. त्यात फुफ्फुसांत पाणी साठते. बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्री तो सुरू होतो. आधी चढावर इतरांपेक्षा जास्त धाप, कोरडा खोकला, मग बसल्या जागी धाप, ओठ-नखे निळसर, शेवटी फेसाळ, गुलाबी थुंकी. याला सर्दी-खोकला किंवा न्यूमोनिया समजून नुसत्या अँटिबायोटिकवर वेळ काढणे जिवावर बेतते. बसल्या जागी धाप लागली, की त्याच क्षणी उतरायला लागायचे, आणि तेही शक्य तितके त्याला चालायला न लावता. श्रमाने हा प्रकार वाढतो.

सौम्य त्रासात मात्र लगेच पळत सुटायचे कारण नाही. जिथे आहात तिथेच थांबा, विश्रांती घ्या, डोकेदुखीला साधी गोळी घ्या. एक-दोन दिवसांत उतार पडला तर पुढे जा. त्रास असताना वर झोपायला जायचे नाही आणि वाढत असेल तर खाली यायचे, एवढे पाळले तरी बहुतेक अनर्थ टळतात.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे लोक ज्याला डायमॉक्स म्हणून ओळखतात ती गोळी, शरीराला सरावायला खरोखर मदत करते. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, असे साधारण प्रमाण आहे. हातापायाला मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा वॉटर बेचव लागते. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती मनाने घेऊ नये. इतरांनीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ही गोळी घेतली म्हणजे मुक्काम गाळायची मुभा मिळाली, असा मात्र तिचा अर्थ नाही.

कापराबद्दल मला नेहमी विचारतात. रुमालात कापूर बांधून हुंगत चढणारे शेकडो लोक केदारनाथच्या वाटेवर दिसतात. कापराने नाकात गार वाटते, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला प्राणवायू त्याने कणभरही वाढत नाही. लसणाच्या सुपाचेही तसेच, पण त्यात निदान गरम पाणी आणि मीठ पोटात जाते, म्हणून ते जरूर प्यावे. पाणी भरपूर प्यावे हे खरे, पण तहानेच्या पलीकडे सहा-सात लिटर रिचवण्याने आजार टळत नाही, उलट रक्तातले मीठ पातळ होऊन वेगळेच संकट येते. दारू आणि झोपेच्या गोळ्या रात्रीचा श्वास मंदावतात. पहिल्या काही रात्री त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कोरोनाच्या साथीनंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घराघरांत आले, ते ट्रेकलाही जातात. कोल्हापुरात ९७ दाखवणारे यंत्र चौदा-साडेचौदा हजार फुटांवर ८५ च्या आसपास दाखवेल. त्याने हबकू नये. गारठलेल्या बोटावर ते चुकीचेही दाखवते. आमच्या गटात रोज संध्याकाळी त्या आकड्यांची चढाओढ चाले, आणि पैलवानाचा आकडा त्या दिवशीसुद्धा वकीलसाहेबांपेक्षा चांगला होता! आकडा पाहण्यापेक्षा माणूस पाहावा. जेवतो का, बोलतो कसा, सरळ चालतो का?

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, दम्याचा वरचेवर त्रास, नुकताच झालेला छातीचा संसर्ग, हे असणाऱ्यांनी नुसत्या सहीवर न जाता नीट तपासणी करून घ्यावी. आपल्याकडच्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणे इतके नेहमीचे आहे, की ती एक साधी रक्ततपासणी मी आता अर्जाबरोबर मागतोच. मधुमेहींनी इन्सुलिन गोठू नये म्हणून ते अंगाशी, कपड्यांच्या आत ठेवावे.

हे सारे फक्त ट्रेकरांसाठी आहे असे समजू नका. विमानाने लेहला उतरणारा पर्यटक पाच-सहा तासांच्या प्रवासात ११,५०० फुटांवर पोचतो. केदारनाथलाही जवळपास तेवढीच उंची, आणि हेलिकॉप्टरने गेलात तर काही मिनिटांत. तिथे साठी-सत्तरीची माणसे दर्शनाच्या रांगेत उभी असतात. दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली उतरणे त्यांच्यासाठी चांगले. लेहला उतरल्यावर निदान दोन दिवस स्वस्थ राहावे, खारदुंगलाची मोटारसायकल तिसऱ्या दिवसानंतर.

या विद्येत आपल्या फौजेने जगाला बरेच शिकवले आहे. १९६२ च्या युद्धात आणि त्यानंतर मैदानी भागातले जवान घाईने उंचावर न्यावे लागले. त्या काळातल्या १,९२५ सैनिकांच्या आजाराचा अभ्यास इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला, तो आजही जगभर वाचला जातो. फौजेचा नियम कडक आहे. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, त्यातले पहिले दोन पूर्ण विश्रांतीचे. १५,००० पर्यंत आणखी चार दिवस. त्याच्या वर आणखी चार. सैनिक टाकळीकडचे एक निवृत्त सुभेदार माझ्याकडे गुडघ्यासाठी येतात. त्यांना मी आमची हकिकत सांगितली तर ते म्हणाले, "साहेब, आम्हाला पहिले दोन दिवस पलंगावरून हलू देत नव्हते. तुम्ही कुणाला विचारून चढलात?"

माघारी येण्यात कमीपणा वाटतो, ही एक आणखी अडचण. आपल्याच कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२१ साली खराब हवामानामुळे एव्हरेस्टवरून शिखर न गाठता परतली आणि २०२२ च्या मे महिन्यात पुन्हा जाऊन शिखरावर उभी राहिली. आमच्या गटातले नऊ जण तळछावणीला जाऊन आले. उरलेले तिघे लोबुचेहूनच परतले. मी तळछावणी अजून पाहिलेली नाही.

गेल्या महिन्यात पैलवान पुन्हा दवाखान्यात आला, हातात छापील अर्ज. या खेपेला अन्नपूर्णेचा. मी आधी सही केली नाही. कार्यक्रमपत्रिका मागितली आणि पेन्सिलने प्रत्येक मुक्कामासमोर उंची लिहीत गेलो. एका ठिकाणी दोन हजार फुटांची उडी होती. त्याने तिथेच बसून संयोजकाला फोन लावला. बराच वेळ हो-नाही झाले. "एक दिवस वाढवताय का दुसरीकडं जाऊ?" असे त्याने शेवटी विचारले. चार दिवसांनी नवा कार्यक्रम घेऊन आला, तेव्हा सही केली. जाताना दारातून वळून म्हणाला, "डॉक्टर, रेघेवर चालून दाखवू का?"